आपापली हद्दवाढ

कोल्हापूरची नगरपालिका 1972 च्या डिसेंबरात महापालिका झाली, तेव्हा शहराचं क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर होतं. पुढची पन्नास वर्षं ते तेवढंच राहिलं. 2011 च्या जनगणनेत माणसं साडेपाच लाखांच्या घरात गेली. माणशी गाड्या किती झाल्या ते गल्लीत संध्याकाळी उभं राहिलं की कळतं. पण हद्द इंचभर हलली नाही. हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की आजूबाजूची गावं बंद पाळतात आणि प्रस्ताव बारगळला की शहर बंद पाळतं. दोन्ही बंदांना मिसळीची दुकानं अर्धं शटर वर ठेवून पाठिंबा देतात.

शेवटी कोल्हापूरकरानं आपल्या परीनं मार्ग काढला. शहराची हद्द वाढत नाही ना, मग ज्यानं त्यानं आपापली वाढवून घ्यायची. त्याला ना मंत्रालयात फाईल लागते, ना हरकती-सूचना.

याचा अभ्यास करायचा तर महाद्वार रोडवर जावं. पापाच्या तिकटीपासून बिनखांबी गणेश मंदिरापर्यंतचा हा रस्ता म्हणजे गावाचा मुख्य बाजार, आणि त्याच्या कडेला अंबाबाईच्या देवळाचं पश्चिमेचं महाद्वार. साड्या, भांडी, बांगड्या, साज, पेढे, परकर, सगळं इथं. दुकानाची हद्दवाढ इथं टप्प्याटप्प्यानं होते. आधी दुकानाला एक पायरी असते, ती गिऱ्हाईकाला चढायला. मग पायरीला फळी जोडली जाते, ती पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून. फळी आलीच आहे तर तिच्यावर साडी नेसलेला पुतळा उभा राहतो. पुतळ्याला रात्री आत घ्यायचं आणि सकाळी बाहेर काढायचं काम दुकानातल्या सगळ्यात नव्या पोराकडं असतं. पुतळ्याला कुणी धक्का देऊ नये म्हणून त्याच्यापुढं मालकाची मोपेड लागते, आणि मोपेडपुढं कुणी दुसरी गाडी लावू नये म्हणून एक रिकामा डबा. त्या डब्यापासून पुढं महापालिकेची हद्द सुरू होते.

पण तिथं आधीच फेरीवाला बसलेला असतो. दुकानदार आणि फेरीवाला यांचं जाहीर भांडण आहे. दुकानदार निवेदन देतात, फेरीवाले मोर्चा काढतात, दोघांचे फोटो एकाच पानावर येतात. खासगीत मात्र वेगळं चित्र असतं. निवेदनावर ठळक सही करणाऱ्या शेठच्याच पायरीखाली पिना-रुमालांची पाटी असते. विचारलं तर शेठ म्हणतात, ‘तो न्हवं ओ, तो आपला माणूस हाय. बाकीच्यांना उठवा.’ बाकीचेही कुणाकुणाचे आपले माणूस असतातच. अशा रीतीनं सगळा महाद्वार रोड बेकायदा आहे, आणि त्यातला प्रत्येक जण अपवाद आहे.

2014 साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यात सर्वेक्षण, ओळखपत्र, फेरीवाला क्षेत्र, शहर फेरीवाला समिती असं सगळं रीतसर आहे. कायदा चांगलाच आहे. पोटासाठी रस्त्यावर बसणाऱ्याला आधी चोर ठरवायचं आणि मग त्याच्याकडूनच स्वस्तात कोथिंबीर घ्यायची, हा आपला जुना दुटप्पीपणा त्यानं निदान कागदावर तरी संपवला. अंमलबजावणी म्हणून रस्त्यावर पांढरे पट्टे मारले गेले. पट्ट्याच्या आत बसा, बाहेर येऊ नका. पहिल्या दिवशी सगळे पट्ट्याच्या आत. दुसऱ्या दिवशी माल आत आणि माणूस पट्ट्यावर. आठवड्यानं माल पट्ट्यावर आणि माणूस बाहेर. त्यामुळं पट्ट्याचा रंग मात्र टिकून राहतो, कारण त्याच्यावर कुणाचा पायच पडत नाही.

मग अतिक्रमण विभागाची गाडी येते. ती महापालिकेच्या दारातून निघते तेव्हाच इथं बातमी पोचलेली असते. कोण फोन करतं ते विचारायचं नसतं. प्लास्टिकच्या कागदाची चार टोकं एका मुठीत येतात, आणि क्षणापूर्वीचं कानातल्यांचं दुकान पाठीवर गाठोडं होऊन बोळात शिरतं. अडचण होते ती गिऱ्हाईकाची. एका कानात झुमका घालून आरशात बघणाऱ्या बाईला दुसऱ्या झुमक्यासाठी त्याच्यामागं बोळात पळावं लागतं. उरलेली घासाघीस तिथं पुरी होते. गाडी जाते, रस्ता पाच मिनिटं इतका रुंद दिसतो की ओळखू येत नाही, आणि लोक अस्वस्थ होऊन एकमेकांना विचारतात, ‘आज बंद हाय काय?’

या सगळ्यात चालणाऱ्याला उरतो रस्त्याचा मध्यभाग. तो मधून चालतो आणि दुचाकीवाला त्याच्या मागून येऊन हॉर्न देत नाही, ‘ओ काका, जरा’ म्हणतो. काका जरा होतात. नेदरलँड्समध्ये हान्स मोंडरमान नावाचे एक वाहतूक अभियंते होऊन गेले. सिग्नल, पाट्या, कठडे काढून टाकले की माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून सावकाश जातात आणि अपघात कमी होतात, असं त्यांचं म्हणणं, आणि द्राख्तेन नावाच्या गावात त्यांनी ते करूनही दाखवलं. जगभरचे नगररचनाकार बघायला गेले. आमच्याकडं सिग्नल काढायला लागले नाहीत, ते आपले आपण बंद पडले.

तरी या व्यवस्थेचं फार कौतुक करण्यात अर्थ नाही. रस्त्याच्या मधून चालण्यात मजा आहे ती दोन्ही गुडघे शाबूत असलेल्यांना. काठी टेकत देवळाला निघालेल्या आजीला ‘जरा’ होता येत नाही. आणि जिथं फूटपाथ आहे तिथं तो इतका उंच, की त्याच्यावर चढायला आधी एखादी पायरी हवी. एखाद्या दुकानदारानं पायरी पुढं आणलेली असतेच म्हणा, तेवढा त्याचा उपयोग.

रस्त्यांचा विषय निघाला की टोलचा निघतोच. शहरातल्या सुमारे 49 किलोमीटर रस्त्यांचं काम ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीनं एका खासगी कंपनीला दिलं गेलं आणि गावाच्या नाक्यांवर टोलच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे शेतातून घरी येतानाही पावती फाडायची. कोल्हापुरात दोन माणसं भेटली तर चहा होतो, तीन भेटली तर कृती समिती होते. इथं तर अख्खं गाव भेटलं. ऐंशी ओलांडलेले प्रा. एन. डी. पाटील पुढं, मागं तालमींची पोरं, बायका, वकील, रिक्षावाले, आणि एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे सगळे पक्ष. 2014 च्या जानेवारीत टोलनाके पेटले, आणि 2015 संपता संपता सरकारनं टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. रस्ते राहिले, टोल गेला. नगरविकासाच्या अर्थशास्त्रात हे कुठं बसतं ते माहितगार सांगतील. गल्लीत मात्र अजून लोक ज्याला त्याला सांगतात, ‘आम्ही रुपया दिला न्हाई.’ घरफाळ्याबद्दलही काही जण हेच सांगतात, पण तिथं आंदोलन झालेलं नव्हतं.

गावाचा सार्वजनिक आवाज ऐकायचा तर बिंदू चौक. जुन्या कोटाचे बुरूज इथं अजून उभे आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महात्मा फुले यांचे पुतळे इथं 9 डिसेंबर 1950 रोजी बसवले गेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. इतका मानाचा चौक. म्हणून राजकारणात कुणी कुणावर आरोप केला की उत्तर ठरलेलं, ‘हिंमत असेल तर बिंदू चौकात या.’ आव्हान स्वीकारलं जातं. ‘वेळ सांगा, बिंदू चौकात येतो.’ मग कार्यकर्ते येतात, पोलीस येतात, कॅमेरे येतात. ज्यांनी यायचं ते बहुधा येत नाहीत. याचं राजकीय विश्लेषण बरंच झालंय. माझा अंदाज असा की ते निघालेले असतात, त्यांना पार्किंग मिळत नाही.

पार्किंग हे देवीला येणाऱ्यांच्या नशिबातलं शेवटचं दिव्य. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि नवरात्रात तर विचारू नका. बाहेरगावची गाडी तिकटीला येऊन अडकते, काच खाली होते.

‘काका, देवळाजवळ गाडी लावायला जागा कुठाय?’

‘कुठलं पाव्हणं?’

‘पुण्याहून आलोय.’

‘लांबनं आलाय की. असं करा, बिंदू चौकात जावा.’

‘तिथूनच आलो. फुल्ल आहे.’

‘व्हय, ते असतंयच फुल्ल. मग दसरा चौकात बघा.’

इथं पानपट्टीवरचे दुसरे काका मध्ये पडतात. ‘दसरा चौकात कशाला पाठवतोस त्यास्नी? एवढी पोरंबाळं घिऊन चालणार व्हय ती?’ तिसरा म्हणतो, मागच्या बोळात शिरा, माझं नाव सांगा. त्याचं नाव मात्र तो सांगत नाही. चर्चा रंगते, मागं सात गाड्या हॉर्न देतात, आणि शेवटी पहिले काका हात झटकून निकाल देतात, ‘लावा की हितंच. कोण काय म्हणतंय बघू.’ पाहुणे लावतात, दर्शनाला जातात. परत येतात तर गाडी क्रेननं उचलून नेलेली. काका तिथंच. ‘मी बोललो होतो न्हवं, हितं लावू नगा म्हणून?’ पण पुढचं महत्त्वाचं आहे. हेच काका पाहुण्यांना आपल्या गाडीवर मागं बसवून वाहतूक शाखेत नेतात, तिथल्या हवालदाराला ‘भावा, घरचं पाव्हणं हाईत’ म्हणतात, दंड भरला की गाडी सोडवून देतात आणि तांबडा-पांढरा रस्सा खाल्ल्याशिवाय गावाबाहेर जाऊ देत नाहीत. शहर नीट आखलेलं असतं तर ही ओळख झाली नसती.

आखलेलं अजिबात नाही असंही नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, ती मोजूनमापून. रोमचा आखाडा बघून आल्यावर त्यांच्या मनानं घेतलं आणि गावाच्या मध्याला खासबागचं कुस्तीचं मैदान झालं, असं सांगतात. त्याच्या शेजारी 1915 साली पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. इकडं लाल माती, तिकडं मेकअपचा रंग, आणि दोन्हीकडचे प्रेक्षक एकच. हल्ली ज्याला सांस्कृतिक केंद्र वगैरे म्हणतात ते एका राजानं सल्लागार न नेमता केलं. 2024 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री ते नाट्यगृह जळालं, तेव्हा माणसं रस्त्यात उभी राहून रडली. त्याबद्दल विनोद सुचत नाही.

नंतरच्या काळात गावाला एक राजा नव्हता, पुष्कळ महापौर होते. मुदत अडीच वर्षांची. पण इच्छुक अनेक आणि मन मोठं. त्यामुळं पदाची खांडोळी व्हायची, थोडे महिने याला, थोडे त्याला. गावात माजी महापौर इतके की महाद्वारात लग्नाची खरेदी करताना एखाद्याचा पाय चुकून त्यांच्यापैकी कुणाच्या तरी पायावर पडायचाच. याचा नगररचनेवर झालेला परिणाम चौकाचौकांत दिसतो. समजा, एखाद्या चौकात कारंजं करायचं ठरलं. पहिल्या महापौरानं ते मंजूर केलं, दुसऱ्यानं नारळ फोडला, तिसऱ्यानं बटण दाबलं, आणि चौथ्याची पाळी येईतो मोटर जळाली. मग कारंज्याचा कठडा बसायला उपयोगी पडतो, आणि चौक सुशोभित होतो तो तिथं बसणाऱ्यांमुळं. 2020 च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा काही दिवस गाव गोंधळलं. तक्रार करायला माणूस एकच, आणि तोही बदलून जाणारा. शिव्या घालायला नगरसेवक हवा, तो आपल्या गल्लीतला असतो.

बसण्याबद्दल बोलायचं तर आमच्या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, धार समोर काढायची, फेसाळ ग्लास उभ्या उभ्या तोंडाला लावायचा आणि मिशी पुसत फुटबॉलवर बोलायचं. हा कट्टा कुठल्या आराखड्यात नाही. वाहनतळाच्या नकाशात म्हैस कुठल्या रंगानं दाखवायची हा प्रश्न कुणाला सुटला नसावा. वाहतुकीला म्हशींची अडचण होते अशी तक्रार अधूनमधून येते. म्हशींचीही असणार, पण त्यांची कृती समिती नाही.

आता वरच्या दिशेची हद्दवाढ. यात कोल्हापूरची अडचण जगावेगळी आहे, कारण इथं उंचीची हरकत घेणारा सूर्य आहे. अंबाबाईचं देऊळ बांधणाऱ्यांनी असं गणित घातलंय की वर्षातून दोनदा, 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर, मावळतीचे किरण रंकाळ्याकडून येऊन ताराबाई रोडवरून महाद्वारात शिरतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. परंपरेनं पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. हा किरणोत्सव. नियोजन म्हणावं तर याला. एका सरळ रेषेत काही आडवं बांधायचं नाही, बस्स. त्या काळी हा नियम सहज पाळला गेला, कारण स्लॅबचा शोध लागला नव्हता.

मग स्लॅब आला. स्लॅबवर जिना, जिन्यावर पत्रा, पत्र्यावर पाण्याची टाकी, टाकीला टेकून डिश, आणि खाली दुकानाचा आडवा बोर्ड. किरणं अडखळायला लागली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक लक्समीटर घेऊन आले, मार्गातल्या अडथळ्यांची पाहणी झाली, महापालिकेनं काढायला सांगितलं, काही निघालं, काही ‘काढतो की’वर राहिलं. त्या दिवसांतली बातमी खासबागेतल्या कुस्तीचं समालोचन ऐकावं तशी असते. किरणं महाद्वारात आली, गरुड मंडपात शिरली, पितळी उंबरा ओलांडला, चांदीच्या उंबऱ्याशी पोचली, चरणस्पर्श, गुडघ्यापर्यंत आली, आणि तिथं लुप्त झाली. मग कारणमीमांसा होते. हवेतली धूळ, आर्द्रता, ढग. ज्यांच्या टाक्या त्या रेषेत येतात त्यांची सगळी भिस्त ढगांवर असते. ढगाला मालक नसतो, त्याला नोटीस जात नाही.

टाकीवाल्याचीही एक बाजू आहे. टाकी काढली तर पाणी साठवायचं कुठं? त्यावर पूर्वी उत्तर मिळायचं, थेट पाईपलाईन येऊ दे. काळम्मावाडी धरणातून सुमारे 53 किलोमीटर लांबीची पाईपलाईन शहराला यावी ही मागणी इतकी जुनी, की ती मागता मागता काही जण आमदार झाले, काही माजी आमदार झाले. 2023 च्या दिवाळीत ते पाणी खरंच आलं. गावानं फटाके वाजवले. टाकी मात्र जिथल्या तिथं आहे, कारण पाईपलाईन थेट असली तरी नळाला पाणी ठरल्या वेळीच येतं, आणि ठरलेली वेळ बदलते.

राहता राहिली पंचगंगा. हद्दवाढीचा खरा अधिकार तिच्याकडं आहे आणि ती कुणाला विचारत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. हे आकडे शाळेतल्या पोरालाही पाठ. 2019 आणि 2021 ला पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं, दुकानांच्या काउंटरवरून वाहिलं, आणि ओढ्याकाठी, पूररेषेत परवानग्या कुणी कशा दिल्या याची चर्चा पाणी ओसरेपर्यंत जोरात झाली. ज्यांची घरं बुडाली त्यांना विचारा, त्यात गंमत काही नव्हती.

पण पाणी 39 च्या खाली असतं तेव्हाचा कोल्हापूरकर निराळा. तो सहकुटुंब पूर बघायला निघतो. शुक्रवार पेठेतून घाटाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर पाणी आलं की तिथं दुचाक्या लागतात, पोरं खांद्यावर बसतात, छत्र्यांत छत्र्या अडकतात, आणि जिथं एवढी माणसं तिथं अर्ध्या तासात मक्याच्या कणसांची गाडी येतेच. पावसाळ्यातला आमचा चौपाटीचा विकास आराखडा तो हाच. एका संध्याकाळी असाच एक गाडीवाला अगदी पाण्याच्या कडेला शेगडी पेटवून बसला होता. पाणी चाकाला लागलं की गाडी दोन हात मागं घ्यायचा, चाकाखाली वीट घालायचा, परत पंखा हलवायचा. बंदोबस्तावरच्या पोलिसानं शिट्टी मारली.

‘ए, गाडी मागं घे.’

‘सकाळपास्नं तेच करतोय की साहेब. महापालिकेची गाडी आली तरी कधी एवढा मागं सरलो न्हवतो.’

पोलिसानं पाण्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, आणि बहुतेक या प्रकरणात हद्द नक्की कुणाची याचा विचार केला.

‘कोवळं हाय का एखादं?’

‘हाय की. तिखट-मीठ जास्त लावू?’